बांधावरची वाट : नेपाळसंबंधी परराष्ट्र मंत्रालयाला खुलं पत्र

प्रति,
माननीय परराष्ट्रमंत्री
आणि मंत्रालयात नेपाळचं काम पाहणारे सर्व अधिकारी,
नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार,

२०१८ च्या जूनअखेरीस काठमांडूत आठ ज्येष्ठ माणसांनी एका अहवालावर एकमताने शेवटचा हात फिरवला. चौघं भारताचे, चौघं नेपाळचे. दोन्ही सरकारांनीच त्यांना नेमलं होतं. १९५० च्या करारापासून सीमा, पाणी, व्यापारापर्यंत सगळं तपासा आणि पुढे काय करावं ते सांगा, असं काम त्यांच्याकडे २०१६ मध्ये सोपवलं होतं. भारताच्या बाजूचे प्रमुख होते भगतसिंह कोश्यारी, जे पुढच्याच वर्षी राज्यपाल म्हणून आमच्या महाराष्ट्रात आले. नेपाळच्या बाजूचे प्रमुख भेषबहादुर थापा. अहवाल आधी भारताच्या पंतप्रधानांच्या हाती द्यायचा आणि मग नेपाळच्या, असं ठरलं होतं. तो अजून स्वीकारला गेलेला नाही. शिफारशी पटल्या नाहीत असंही दिल्लीने कधी जाहीर केलेलं नाही. अहवाल देण्यासाठी वेळच मिळाली नाही, आणि बघता बघता वर्षं उलटली.

हे पत्र त्या अहवालासाठी आहे. तो स्वीकारा आणि दोन्ही देशांतल्या लोकांपुढे ठेवा, एवढंच मागणं. पण ते इतक्या कळकळीने का मागते आहे, हे सांगायला थोडी जागा लागेल.

सरकारी टिपणात देशाला मन नसतं. तिथे हितसंबंध असतात, किलोमीटर असतात, मेगावॅट असतात. मला मात्र भारत आणि नेपाळ ही दोन माणसंच दिसतात, कारण त्यांच्यात जे बिनसलं आहे ते माणसामाणसांत बिनसतं तसंच आहे. स्वतंत्र भारताची आणि नेपाळची लढाई कधी झालेली नाही. सोयरीक, यात्रा, नोकऱ्या, येणंजाणं सगळं सुरू आहे. आणि तरीही धाकट्याच्या मनात काहीतरी साचत जातं, थोरल्याला त्याचा पत्ता नसतो, आणि कधीतरी ते कानावर आलंच तर थोरला म्हणतो, ‘एवढं केलं, त्याचं हे फळ?’

आमच्याकडे कुठल्याही तहसील कचेरीत जा, वहिवाटीच्या रस्त्याची प्रकरणं पडून असलेली दिसतील. एकाचं शेत आत असतं, त्याला स्वतःची वाट नसते. शेजाऱ्याच्या बांधावरूनच त्याचं जाणंयेणं. शेजारी वाईट असतोच असं नाही. बहुतेक वर्षं तो अडवत नाही. अडीअडचणीला बैल देतो, मोटार बिघडली तर आपल्या विहिरीचं पाणी सोडतो. पण आतल्या शेतकऱ्याचं सगळं वर्ष त्याच्या मर्जीवर असतं. ऊस तोडून पडला आहे, ट्रॉली दारात उभी आहे आणि नेमकं त्याच आठवड्यात शेजाऱ्याचं काही बिनसलं तर? म्हणून आतला माणूस बोलताना जपून बोलतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत त्याच्याविरुद्ध उभं राहायला दहादा विचार करतो. नको तेव्हा हसतो. थोरल्याला ते हसू प्रेमाचं वाटतं. ‘मी कधी अडवलं का त्याला?’ असं तो चावडीवर छातीवर हात ठेवून सांगतो, आणि त्यात फारसं खोटंही नसतं. फक्त ज्या एका हंगामात त्याने काटे टाकले, तो हंगाम आतल्या घरात नातवंडांनासुद्धा ठाऊक असतो.

आमच्या शेतकऱ्याला निदान १९०६ चा मामलतदार न्यायालय कायदा आहे. तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, पंचनामा होतो, अडथळा काढण्याचा हुकूम निघतो. नेपाळने अर्ज कुणाकडे करायचा?

नेपाळच्या तीन बाजूंना भारत आहे. उरलेल्या बाजूला हिमालय, आणि त्यापलीकडे चीन. समुद्रावरून येणारा त्याचा बराचसा माल कोलकात्याला उतरतो, तिथून रक्सौलमार्गे वीरगंजला जातो. पेट्रोल, डिझेल, स्वयंपाकाचा गॅस हे सगळं इंडियन ऑइल पुरवतं. त्याच्या परदेश व्यापारातला जवळजवळ दोन तृतीयांश हिस्सा आपल्याशी होतो. त्याचा रुपया १९९३ पासून आपल्या रुपयाला बांधलेला आहे : आपला एक रुपया म्हणजे त्याचा एक रुपया साठ पैसे. आपल्या रिझर्व्ह बँकेने घेतलेल्या निर्णयाची झळ काठमांडूच्या वाण्यालाही लागते, आणि त्या निर्णयाच्या वेळी नेपाळचं कुणी बैठकीत नसतं. सुमारे १,७५० किलोमीटरची सीमा उघडी आहे, व्हिसा लागत नाही, पासपोर्ट लागत नाही. जगात अशी सीमा फार थोड्या देशांमध्ये आहे आणि तिचा मला मनापासून अभिमान आहे. पण उघड्या सीमेवर माणूस मोकळा फिरतो, माल मात्र नाक्यावरच्या कारकुनाच्या शिक्क्यावर चालतो.

ही स्थिती भूगोलाने दिलेली आहे, तिला कुणी दोषी नाही. दोष असलाच तर तो आपण त्या वाटेचा हिशेब कसा मांडला यात आहे, आणि त्याची सुरुवात ३१ जुलै १९५० पासून होते.

त्या दिवशी काठमांडूत शांतता आणि मैत्रीचा करार झाला. नेपाळच्या वतीने पंतप्रधान मोहन शमशेर राणांनी सही केली, भारताच्या वतीने आपले राजदूत चंद्रेश्वर प्रसाद नारायण सिंह यांनी. एका देशाचा पंतप्रधान आणि दुसऱ्याचा राजदूत, ही जोडी नेपाळी माणूस अजून विसरलेला नाही. मुत्सद्देगिरीतली बारीक गोष्ट म्हणून ती सोडून देता येणार नाही. शिवाय ज्या राणांनी सही केली, त्यांचं घराणं राजाला नामधारी ठेवून पिढ्यान्‌पिढ्या कारभार करत आलं होतं, आणि ती घराणेशाही तेव्हा अखेरच्या घटका मोजत होती. पुढच्या फेब्रुवारीत ती गेली. जाणाऱ्या कारभाऱ्याने घाईघाईत केलेला व्यवहार पुढच्या पिढ्यांच्या गळ्यात पडला, अशी नेपाळची भावना आहे. कराराबरोबर पत्रांची जी देवघेव झाली ती १९५९ पर्यंत लोकांना माहीतच नव्हती. कलम दहामध्ये कुठल्याही बाजूने वर्षभराची सूचना देऊन करार संपवण्याची सोय आहे. तुमचे लोक नेहमी याच कलमाकडे बोट दाखवतात : नको असेल तर द्या नोटीस. नेपाळ नोटीस देत नाही, कारण त्याच करारातल्या कलम सहा आणि सातमुळे त्याची लाखो मुलं भारतात राहतात, कमावतात, घर घेतात. ज्या कागदाचा राग येतो त्याच कागदावर चूल पेटते, अशी ही अडचण आहे. अशा माणसाला ‘मग सोड ना’ म्हणणं म्हणजे त्याची अडचण त्याच्या तोंडावर मोजून दाखवणं.

तरी त्याच काळातली दुसरी आठवणही तितकीच खरी आहे. राणांच्या तावडीतून निसटलेल्या राजा त्रिभुवनांना १९५० च्या नोव्हेंबरात काठमांडूतल्या भारतीय दूतावासानेच आसरा दिला आणि तिथून ते दिल्लीला आले. नेपाळच्या पहिल्या निवडून आलेल्या सरकारचे पंतप्रधान बी. पी. कोइराला बनारसला जन्मले, तिथेच शिकले, आणि ‘चले जाव’च्या वेळी इंग्रजांच्या तुरुंगात गेले. भारताच्या स्वातंत्र्यासाठी त्यांची पिढी तुरुंगात गेली होती. म्हणून १९५० नंतर भारताने हात पुढे केला तेव्हा तो बरोबरीने हातात घेता येईल, असं त्या पिढीला वाटलं होतं. पुढे नेपाळच्या उत्तर सीमेवर भारताच्या टेहळणी चौक्या आल्या, आणि १९६९ मध्ये कीर्तिनिधी बिष्ट यांच्या सरकारने त्या हलवायला सांगितल्या. १९७५ मध्ये सिक्कीम भारतात आलं. त्याच वर्षी राजा वीरेंद्रांनी नेपाळ ‘शांतिक्षेत्र’ म्हणून मान्य करा असा प्रस्ताव मांडला. शंभराहून अधिक देशांनी पाठिंबा दिला, आपण कधीच दिला नाही. आपल्याकडे त्याची कारणं होती, सुरक्षेची होती, ती मला समजतात. पण शेजारच्या घराचं काय झालं ते पाहून धाकटा आपल्या दाराला कडी लावायला गेला आणि थोरल्याने विचारलं, ‘कडी कशाला, माझ्यावर विश्वास नाही का?’ त्या प्रश्नाचं खरं उत्तर धाकट्याला तोंडावर देता येत नव्हतं.

१९८९ च्या मार्चमध्ये व्यापाराचे आणि पारवहनाचे, म्हणजे भारतातून नेपाळचा माल नेण्याआणण्याचे, करार संपले. त्याआधी नेपाळने चीनकडून शस्त्रं घेतली होती, भारतीय कामगारांना परवाने सक्तीचे केले होते, आणि दिल्ली नाराज होती. करार वाढवले गेले नाहीत आणि दोन वगळता सगळे नाके बंद झाले. रॉकेल संपलं तसं लोकांनी जंगल तोडलं. या टंचाईने राजाच्या विरोधातल्या असंतोषात भर पडली आणि १९९० मध्ये लोकशाही आली, हे खरं. तो शेवट पाहून तेव्हा काय योग्य केलं याचं समाधान दिल्लीत कुणी मानत असेल, तर माझी विनंती आहे की तो हिशेब ज्याच्या घरात चूल विझली होती त्याच्या बाजूनेही एकदा मांडा.

आता २०१५. याच्यावर मी थोडी थांबणार आहे.

आदल्या वर्षी, ऑगस्ट २०१४ मध्ये, पंतप्रधान मोदी काठमांडूला गेले. १७ वर्षांत द्विपक्षीय भेटीवर गेलेले ते पहिले भारतीय पंतप्रधान. संविधान सभेत त्यांनी भाषणाची सुरुवात नेपाळीतून केली आणि अख्खं शहर हरखून गेलं. मग २५ एप्रिल २०१५ ला भूकंप झाला. जवळपास ९,००० माणसं गेली. भारताची विमानं काही तासांत काठमांडूत उतरली. ‘ऑपरेशन मैत्री’त आपल्या जवानांनी आणि डॉक्टरांनी जे केलं त्याला तोड नाही. नंतर गोरखा आणि नुवाकोट जिल्ह्यांत ५०,००० घरं उभी करायला आपण पैसे दिले. इतकं करूनही मे महिन्यात नेपाळी लोक ट्विटरवर ‘भारतीय माध्यमांनो, घरी जा’ अशी मोहीम चालवत होते. का? आपल्या वाहिन्यांचे प्रतिनिधी ढिगाऱ्यातल्या बायांसमोर माईक धरून भारताच्या मदतीचा गौरव करत होते. जखमेवर पट्टी बांधायची आणि बांधताना फोटो काढायचा, हे ज्याच्या अंगाला जखम आहे त्यालाच टोचतं. तुमच्या हातात वाहिन्या नाहीत, हे मान्य. पण इतक्या मोठ्या मदतीनंतर इतका राग का, याची चौकशी तेव्हा मंत्रालयात कुणी केली असेल का, हा प्रश्न मला पडतो.

सप्टेंबरमध्ये नेपाळने सात वर्षांच्या खटपटीनंतर संविधान केलं. जाहीर व्हायच्या दोन दिवस आधी आपले परराष्ट्र सचिव काठमांडूत पोचले. तराईतल्या, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट पट्ट्यातल्या, मधेशी लोकांच्या मागण्या राहून गेल्या आहेत, थांबा, असं त्यांचं सांगणं होतं. त्या मागण्या खऱ्या होत्या. मतदारसंघांची आखणी, प्रांतांच्या सीमा, नागरिकत्वाचे नियम यांत मधेशींवर अन्याय झाल्याचं म्हणणारे नेपाळमध्येही होते, आणि त्या आंदोलनात चाळीसहून अधिक जीव गेले. पण ते सांगायला आपण संविधान जाहीर व्हायच्या तोंडावर गेलो. २० सप्टेंबरला ते लागू झालं. आपण स्वागत केलं नाही, नोंद घेतली. त्याच आठवड्यात नाक्यांवर ट्रक थांबले.

नाकेबंदी आमची नाही, असं तुम्ही तेव्हा म्हणालात आणि आजही म्हणता. रक्सौल आणि वीरगंजच्या मधल्या मितेरी पुलावर, दशगजात म्हणजे दोन देशांमधल्या मोकळ्या पट्टीत, मधेशी आंदोलकांनी तंबू ठोकले होते, हे खरं आहे. जिथे कुणी बसलेलं नव्हतं त्या नाक्यांवरही ट्रक आणि टँकर रखडत होते, असं नेपाळचं म्हणणं आहे. यात कुणाचं किती खरं हे मी ठरवू शकत नाही. मी फक्त इतकं म्हणते की ज्याच्या हातात वाट मोकळी करण्याची ताकद आहे त्याने ‘मी अडवलेली नाही’ म्हणून बाजूला उभं राहिलं, की अडकलेल्याच्या लेखी त्यात काही फरक उरत नाही. जवळपास पाच महिने हे चाललं, भूकंपानंतरच्या पहिल्या थंडीत, जेव्हा लाखो माणसं पत्र्याखाली आणि ताडपत्रीखाली राहत होती. नेपाळ ऑइल कॉर्पोरेशन गॅसचं सिलिंडर अर्धंच भरून देऊ लागलं. काठमांडूत सरकारने सरपण विकायला काढलं. इस्पितळांत औषधं संपत आली. पाच वर्षांखालची तीस लाखांहून अधिक मुलं या हिवाळ्यात धोक्यात आहेत, असा इशारा युनिसेफने नोव्हेंबरच्या शेवटी दिला.

कोकणात आंब्याच्या बागांची राखण नेपाळी माणसं करतात. मोहर यायच्या आधी येतात, हंगाम संपला की जातात. आमच्या बागेत येणारा गडी अछामचा, नेपाळच्या पश्चिमेकडचा. त्या हिवाळ्याबद्दल तो कधी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलला नाही. पण त्या वर्षापासून परत जाताना तो रत्नागिरीहून आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या सहा महिने पुरतील इतक्या घेऊन जातो. आता तिकडच्या बाजारात त्या मिळतात, हे त्याला माहीत आहे. तरीही नेतो. आम्ही देतो तो पगार तो घेतो, सणाला आमच्याकडे जेवतो, आमच्या पोरांना खांद्यावर घेतो, आणि गोळ्यांची पाकिटं सामानाच्या मध्यात, कपड्यांत नीट गुंडाळून ठेवतो. परराष्ट्र धोरणाचा परिणाम मी इतक्या जवळून दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

आणि त्या नाकेबंदीने आपल्याला काय मिळालं? संविधानात जानेवारीत किरकोळ दुरुस्त्या झाल्या, मधेशींचं समाधान झालं नाही. उलट तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक न्याय्य मागणीवर ‘भारताचा माणूस’ असा शिक्का मारणं त्यांच्या विरोधकांना सोपं झालं. तेव्हाचे पंतप्रधान के. पी. शर्मा ओली दिल्लीपुढे न झुकणारा नेता म्हणून मोठे झाले. मार्च २०१६ मध्ये नेपाळने चीनशी पारवहनाचा करार केला. तिकडची बंदरं हजारो किलोमीटर दूर आहेत, त्या वाटेने माल आणणं परवडत नाही, हे नेपाळलाही कळतं. पण दुसरी वाट असावी ही इच्छा त्याच्या मनात आपणच घट्ट केली.

आता थोरल्याची बाजू. तीही मला सांगायची आहे, कारण ती खोटी नाही. १९९९ च्या डिसेंबरात काठमांडूहून निघालेलं आपलं विमान पळवून कंदाहारला नेलं गेलं. उघड्या सीमेतून नकली नोटा आल्या, हवे असलेले गुन्हेगार लपले. काठमांडूत ज्याची खुर्ची डळमळते तो दिल्लीला शिव्या देतो, आणि खुर्ची जायची वेळ आली की दिल्लीलाच फोन लावतो, हाही अनुभव जुना आहे. नोव्हेंबर २००५ मध्ये राजाच्या विरोधातले सात पक्ष आणि सशस्त्र बंड करणारे माओवादी यांच्यात बारा कलमी समझोता झाला तो दिल्लीत. आपल्या घरातला निवाडा थोरल्याच्या ओसरीवर करायला धाकटा स्वतः आला होता. नंतर थोरला निवाड्यात बोलतो म्हणून तक्रार करायची, यात विसंगती आहे आणि ती नेपाळी विचारवंतांनी स्वतः लिहून मांडली आहे. २०२० मध्ये पंतप्रधानपदावर असताना ओलींनी रामाचा जन्म नेपाळातल्या ठोरी गावात झाला असं म्हटलं, तेव्हा इथल्या साध्या माणसालाही वाईट वाटलं. लाखाहून अधिक निवृत्त गोरखा सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबांना भारत पेन्शन देतो. मोतीहारीहून अमलेखगंजला ६९ किलोमीटरची तेलवाहिनी २०१९ पासून आहे. जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांत १०,००० मेगावॅट वीज घेण्याचा करार झाला. थोरला देतो, आणि पुष्कळ देतो.

पण देताना किल्ली कुणाकडे राहते ते बघा. जिथे चिनी पैसा किंवा चिनी कंत्राटदार आहे त्या प्रकल्पाची वीज आपण घेत नाही. कारण समजतं, पण नेपाळच्या नदीवर कुणी काम करावं हे त्यामुळे इथे ठरतं. नेपाळला ४० मेगावॅट वीज बांगलादेशला विकायची होती. तारा आपल्या, म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये तिघांच्या सह्या झाल्या तेव्हाच ते जमलं. नेपाळातल्या भैरहवाचा आंतरराष्ट्रीय विमानतळ २०२२ मध्ये सुरू झाला, आणि विमानांना आत यायला भारताच्या आकाशातून हवा तो मार्ग मिळेना. नोटाबंदीनंतर नेपाळी बँकांत आणि घरांत अडकलेल्या आपल्या पाचशे-हजाराच्या नोटा बदलून देणं आपल्यासारख्या देशाला अवघड नव्हतं. रक्कम चिल्लर होती. मजुरीचे साठवलेले ते पैसे होते. ते राहूनच गेलं. २०२२ मध्ये चार वर्षांच्या सैन्यभरतीची ‘अग्निपथ’ योजना आली. गोरखा भरतीचा करार १९४७ चा, भारत, नेपाळ आणि ब्रिटन असा तिघांचा. नेमणुकीच्या अटी बदलताना नेपाळला आधी विचारलं नाही, असं नेपाळचं म्हणणं. भरती थांबली ती थांबलीच.

नेपाळातून बिहारमध्ये येणाऱ्या कोसी नदीचं तर मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण तिथे दोघंही बुडतात. १९५४ च्या कराराने नेपाळच्या जमिनीवर बंधारा झाला, १९६६ च्या दुरुस्तीत ती जमीन १९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर आली. बंधाऱ्याला ५६ दरवाजे, आणि ते उघडणं-लावणं बिहारच्या जलसंपदा विभागाच्या अभियंत्यांकडे. १८ ऑगस्ट २००८ ला बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, नेपाळातल्या कुसहा इथे तटबंध फुटला. त्या दिवशी नदीला फार मोठा पूरही नव्हता. तटबंधाची देखभाल कमी पडली होती, आणि ती देखभाल आपल्याकडे होती. नेपाळात हजारो घरं गेली, बिहारमध्ये तीसेक लाख लोकांना फटका बसला. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस ६.६१ लाख क्युसेक पाणी आलं, ५६ वर्षांतलं सर्वाधिक, आणि सगळे दरवाजे उघडावे लागले. खाली सुपौल-सहरसाच्या गावांत लोक काय म्हणतात? नेपाळने पाणी सोडलं. वर सुनसरी-सप्तरीत लोक काय म्हणतात? भारत दरवाजे वेळेवर उघडत नाही. दोन्हीकडचे बुडालेले लोक एकमेकांच्या देशाला बोल लावत छपरावर बसतात. दरवाज्यांवर नेपाळी अभियंतेही बरोबरीने बसले, त्या त्या तासाचे आकडे दोन्ही भाषांत सगळ्यांना दिसले, तर हा एक राग तरी निम्म्यावर येईल. त्यासाठी कुठलं युद्धनीतीचं गुपित उघडं पडत नाही.

सीमेबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यावर ओरडा पुरेसा झाला आहे. सुमारे ९८ टक्के सीमेचे नकाशे २००७ पर्यंत दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांनी मिळून पक्के केले. राहिलं ते कालापानी आणि सुस्ता. ८ मे २०२० ला कालापानीजवळच्या लिपुलेख खिंडीकडे जाणाऱ्या आपल्या रस्त्याचं उद्घाटन झालं, त्याच महिन्यात नेपाळने नवा नकाशा काढला आणि जूनमध्ये संसदेने तो एकमुखाने संविधानात घातला. जे पक्ष एकमेकांचं तोंड पाहत नाहीत त्यांनी एकाच बाजूने हात वर केले. १८१६ च्या सुगौली करारातली काली नदी नेमकी कुठे उगम पावते, यावरून एवढं एकमत होत नसतं. त्या मतामागे अर्धं भरलेलं सिलिंडर होतं. दावा कुणाचा बरोबर, हे तज्ज्ञांनी कागद मांडून ठरवावं. पण ऑगस्ट २०२५ मध्ये आपण आणि चीनने लिपुलेखमधून पुन्हा व्यापार सुरू करायचं ठरवलं, तेव्हा ज्या शेजाऱ्याचा त्या जागेवर दावा आहे त्याच्याशी आधी बोलणं झालं असतं तर?

सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळच्या तरुणांनी सरकार उलथवलं. त्यांचा राग भ्रष्टाचारावर होता, समाजमाध्यमांवरच्या बंदीवर होता, पुढाऱ्यांच्या पोरांच्या चैनीवर होता. आपल्या स्टुडिओंमध्ये मात्र यात कुणाचा हात, याचीच चर्चा रंगली. त्या पिढीच्या मनात भारत फारसा नव्हताच. मला ही मोठी संधी वाटते. २०१५ ला जी मुलं शाळेत होती, ज्यांनी गार डबे खाल्ले, ती आता मतदार आहेत, उद्या मंत्री होतील. त्यांच्याशी नवं काही बोलायचं असेल तर जुन्या कागदांवर बसून बोलता येणार नाही.

म्हणून त्या अहवालाकडे पुन्हा येते. आठ जणांनी दोन वर्षं बसून तो केला. त्यात काही आपल्याला न पचणारं असेल. उघड्या सीमेवर ओळखपत्र असावं किंवा १९५० च्या जागी नवा करार यावा, अशा शिफारशी त्यात असल्याची चर्चा आहे. त्यावर मतभेद होतीलच, नेपाळमध्येही होतील. तो पाळण्याचं बंधन तुमच्यावर नाही. स्वीकारणं म्हणजे सहमत होणं असा कुठेही नियम नाही. पण आपणच बोलावलेल्या माणसांना दारात उभं ठेवून आत न घेणं, याचा अर्थ धाकट्याच्या घरात एकच लागतो, आणि तो दरवर्षी अधिक पक्का होतो. शेवटी अहवाल न घेण्याचा निर्णय झाला असेल तर तसं सांगा. त्यालाही मान आहे, वाट पाहायला लावण्याला नाही.

अहवालाबरोबर आणखी एक गोष्ट करता आली तर करा. पारवहनाच्या करारात एक कलम घाला : इंधन, औषधं आणि अन्नधान्य यांची वाहतूक कुठल्याही राजकीय मतभेदात, कुठल्याही बाजूच्या आंदोलनात थांबवली जाणार नाही, एक नाका बंद पडला तर ठरलेल्या तासांच्या आत दुसरा चालू केला जाईल, आणि तक्रार आली तर दोन्ही देशांचे अधिकारी मिळून नाक्यावर जाऊन पाहतील. आम्ही अडवत नाही हे आपण मनापासून म्हणत असू, तर ते लिहून द्यायला हरकत काय?

दिल्लीत असं म्हणणारे असतील, की हे लिहून दिलं तर दबाव टाकायला हातात काय उरेल. १९८९ आणि २०१५, दोन्ही वेळा तो दबाव पुरेपूर वापरून झाला आहे. एकदा राजाची एकहाती सत्ता गेली आणि मागे कटुता राहिली, दुसऱ्यांदा ओली मोठे झाले आणि नकाशा बदलला. तिसऱ्यांदा काय होईल याची कल्पना मला करवत नाही, आणि ज्या पुढच्या हंगामात आमचा गडी गोळ्यांशिवाय घरी जाईल त्याची वाट पाहणारी माणसं दोन्ही बाजूंना पुष्कळ आहेत.

कळावे, या पत्राचं उत्तर यावं अशी अपेक्षा आहे. त्याहून जास्त अपेक्षा आहे ती भेषबहादुर थापा आणि त्यांच्या सोबत्यांना वेळ दिल्याची बातमी वाचण्याची.

आपली नम्र,
कोकणातली एक नागरिक